जिम्नीचे मोठे टायर आणि हरवलेले ५० किलोमीटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तीत आकडे आहेत. 'छान माहिती' लिहून जाणाऱ्यांपेक्षा आकडे घेऊन भांडणारा वाचक मला कधीही चालतो, म्हणून उत्तर लांबतंय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की मोठे टायर टाकल्यावर अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसतं, त्यातला काही भाग निव्वळ मोजणीचा असतो. तुमच्या मते ही टायर विकणाऱ्यांच्या सोयीची पळवाट आहे. तुम्ही मारुती जिम्नीचे १९५/८० आर१५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर१५ टाकलेत. अ‍ॅव्हरेज १५ वरून १२.५ वर आलं. घर ते हिंजवडी रस्ता तोच, तरी महिन्याला ६० लिटरऐवजी ६८ लिटर पेट्रोल लागतं. 'पैसे खिशातून जातात, ओडोमीटरमधून नाही,' असं तुम्ही लिहिलंय. शिवाय स्पीडोमीटर आता मोबाइलच्या जीपीएसशी तंतोतंत जुळतो, म्हणजे मीटर उलट बरोबर झालं. आणि टायरवाल्याने हायवेला अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून सांगितलं होतं, तेही वाढलं नाही.

खिशाचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त तो तुमच्या बाजूने जितका बोलतो तितकाच माझ्याही बाजूने बोलतो.

तुमचेच आकडे गुणून बघा. आधी ६० लिटर आणि १५ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे महिन्याचं रनिंग ९०० किलोमीटर. आता ६८ लिटर आणि १२.५, म्हणजे ८५०. घर हललं नाही, ऑफिस हललं नाही, मग मधले ५० किलोमीटर गेले कुठे? दुसऱ्या बाजूनेही तेच निघतं. १५ वरून १२.५ ही जवळजवळ १७ टक्क्यांची घट. ती खरी असती तर त्याच ९०० किलोमीटरला ७२ लिटर लागले असते. तुम्ही भरलेत ६८. पंपावरच्या पावत्या सांगतात की घट साधारण १२ टक्के आहे, ओडोमीटर सांगतो १७. मी म्हणत होतो ते या दोन आकड्यांमधलं अंतर.

ते कुठून येतं हे टायरच्या अंगावरच छापलेलं असतं. १९५ मिलिमीटर रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर साइडवॉल (रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची). ती वरची आणि खालची मिळून ३१२, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६९३ मिलिमीटर. २३५/७५ चा हाच हिशेब केला की ७३३.५ येतात. नवा टायर ५.८ टक्के मोठा आहे. गाडीला रस्ता दिसत नाही. ती चाकाचे फेरे मोजते आणि कारखान्यात ठरलेल्या मापाने गुणते. नवं चाक त्याच अंतराला कमी फेरे घेतं, म्हणून मीटर कमी पडतं. तुमच्या ८५० ला १.०५८ ने गुणा, जवळजवळ ९०० येतात. १२.५ चं खरं अ‍ॅव्हरेज १३.२ निघतं.

डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेजही तेवढंच दाखवतं, असं कुणीतरी खाली लिहिलंय. दाखवणारच. किती पेट्रोल गेलं हे ते इंजेक्टरवरून काढतं, पण किती चाललात हे त्याच चुकलेल्या किलोमीटरवरून. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखं झालं ते.

आता स्पीडोमीटर. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवेल असा लावलेला असतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ सांगतो की दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त मात्र असू शकतो, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग १०० असताना काटा ११४ वर असला तरी नियमात बसतं. आपल्याकडच्या गाड्यांचे काटेही पुढेच पळतात, हे जीपीएस लावून कुणीही बघावं. तुमच्या टायरने ती राखीव जागा खाल्ली आणि काटा जीपीएसला जुळला. पण ओडोमीटरमध्ये अशी राखीव जागा ठेवायचं काही कारण नसतं, तो मुळातच बऱ्यापैकी बरोबर होता. वेग बरोबर झाला म्हणून अंतरही बरोबर झालं, असं होत नाही. उलट एक बरोबर झालं तेव्हाच दुसरं बिघडलं. (यापुढे एक्स्प्रेसवेवर काटा १०० ला असेल तर गाडी खरोखर १०० ला असेल, हे कॅमेऱ्याखालून जाताना लक्षात असू द्या.)

छापील मापावर आंधळा विश्वास मीही ठेवत नाही. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, हवेप्रमाणे फरक पडतो, आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तरी उंची सारखी भरत नाही. त्यामुळे १.०५८ ही सुरुवात समजा आणि रस्त्यावर ताडून बघा. समृद्धीसारखा सरळ रस्ता मिळाला तर उत्तम. किलोमीटरच्या पाट्यांवर निदान ५० किलोमीटर धरा आणि ओडोमीटर किती दाखवतो ते टिपा. एका किलोमीटरवरून निष्कर्ष काढू नका, एखादी पाटी जागची हललेली असते. जीपीएसने मोजायचं तर घाटात नको, तिथे तो वळणं कापून अंतर कमी दाखवतो.

म्हणजे उरले १२ टक्के. हे खरे आहेत, आणि ते नाहीत असं मूळ लेखात कुठेही म्हटलेलं नाही.

त्यातला मोठा वाटा रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे टायर फिरताना सतत दबतो आणि सुटतो त्यात जी ऊर्जा गरम होऊन जाते तिचा. गंमत अशी की बाकी सगळं सारखं असेल तर मोठ्या व्यासाचा टायर किंचित हलकाच फिरतो. पण बाकी सगळं सारखं नसतं. तुम्ही टायर ४० मिलिमीटरने रुंद केलात, आणि तुमच्या फोटोत दिसतेय ती ऑल-टेरेनची, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या टायरची, जाड नक्षी आहे. जाड रबराचे ठोकळे प्रत्येक फेऱ्याला पिळले जातात, ती ऊर्जा परत मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने २००६ मध्ये याच विषयावर अहवाल दिला होता. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी बदलला की इंधनात १ ते २ टक्के फरक पडतो, असं त्यात आहे. साध्या टायरवरून ऑल-टेरेनवर जाताना ३०-४० टक्के वाढ धरली, तर ३ ते ८ टक्के इथेच गेले.

लोक खापर फोडतात ते वजनावर, पण त्याचा वाटा मला बराच लहान वाटतो. फिरणारं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट भारी पडतं, हे खरं. एका टायरमागे ४ किलो वाढले असं धरा. चार टायरचे १६, दुप्पट केले तर ३२ किलो. बाराशे किलोच्या गाडीत हे मागच्या सीटवर शाळकरी पोरगं बसवल्याइतकं झालं. सिग्नल-टू-सिग्नल हिंजवडीत थोडं जाणवेल, मोकळ्या रस्त्यावर जवळजवळ नाहीच.

मग हायवेला अ‍ॅव्हरेज का वाढलं नाही? टायरवाला अगदीच खोटं बोलला नव्हता. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर ५.८ टक्क्यांनी लांब होतो, त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, आतलं घर्षण थोडं वाचतं. पण हा फायदा इंजिनाकडे ताकद शिल्लक असेल तेव्हाचा. जिम्नीचं दीड लिटरचं इंजिन १३४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तोही ४००० आरपीएमला, आणि गाडीचा आकार डब्यासारखा. समोरून वारा असला किंवा खंबाटकी चढायला लागलात की पाचवा सोडून चौथ्यात यावं लागतं, आणि वाचलेलं तिथेच संपतं. त्यात ९० च्या पुढे हवेचा विरोध सगळ्यावर भारी पडतो आणि गाडी २० मिलिमीटर वर उचलली गेल्याने त्याला मदतच होते.

१२ मधले सगळे टक्केही टायरच्या नावावर टाकू नका. तुमचे ६० लिटरचे महिने कधीचे आहेत? पंपावर १० टक्के इथेनॉल होतं तेव्हाचे, आणि ६८ चे २० टक्के आल्यानंतरचे असतील तर पेट्रोलच बदललंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे दहावरून विसावर गेलं की लिटरमागची ऊर्जा तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. तुलना मे आणि जुलैची असेल तर एसी आणि ओला रस्ता असतोच. आणि हे तुमच्यासाठी नाही, पण गोटा झालेले टायर काढून नवे मोठे टाकणाऱ्यांसाठी: झिजलेला टायर व्यासाने सेंटिमीटरभर लहान होतो, म्हणजे त्यांचं आधीचं अ‍ॅव्हरेज मुळातच फुगलेलं होतं. शिवाय झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो. त्याच मापाचे नवे टाकले असते तरी अ‍ॅव्हरेज थोडं पडलंच असतं.

जिम्नीच्या १६.९४ या एआरएआयच्या (गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या) आकड्याशी तुलना मात्र सोडाच. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा, मूळ मापाच्या टायरचा आकडा आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न: टायर काढू का? महिन्याला ८ लिटर म्हणजे आजच्या भावाने आठशेच्या वर रुपये. पावसाळ्यात चिखलात गाडी घालत असाल तर मी ते दिले असते. पण गाडी मुख्यतः हिंजवडीलाच जात असेल तर २१५/७५ आर१५ बघा. व्यास ७०३.५ मिलिमीटर, मूळ मापापेक्षा दीड टक्काच जास्त, आणि नक्षी हायवेची घ्या. २३५ च ठेवणार असाल तर सर्व्हिस मीटरच्या १०,००० ऐवजी साडेनऊ हजारांच्या आतच करा, कारण तेव्हा गाडी खरी दहा हजार झालेली असते. दाराच्या चौकटीवरचं हवेचं स्टिकर जुन्या मापाचं आहे, तेही आता लागू नाही. तुम्ही हवा किती ठेवता ते कळवा. ती कमी असेल तर त्या ८ लिटरमधला एखादा तरी फुकट परत मिळेल.