एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे गुन्हेगार ठरला का?

आज सकाळी गावच्या ग्रुपवर कुणीतरी एफआयआरच्या पानाचा फोटो टाकला, एका पोराच्या नावाभोवती लाल गोल काढून, आणि खाली लगेच सुरू... ‘गुन्हेगार’, ‘गल्लीचं नाव घालवलं’. अरे, अजून तपासाचा पत्ता नाही! दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात त्याची, तक्रार आली की सहसा एफआयआर नोंदवून घ्यावीच लागते, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. ते बरोबर पण आहे, नाहीतर गरिबाची, बाईमाणसाची तक्रार घेतो कोण, मान्य.

पण माझ्या मामांचं बघा की. मराठी-कन्नड पाटीवरून गावात राडा झाला, मामा तिथं उभे होते एवढंच, आलं नाव. कलम तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं १५३अ, आता भारतीय न्याय संहितेत १९६, गटागटांत तेढ निर्माण करणे. तेढ! निम्मं दूध कन्नड घरात घालणारा माणूस तो. मग चार्जशीट आली. ती पण तपासानंतरचं पोलिसांचंच म्हणणं. कोर्ट कागद बघून आरोप निश्चित करतंय ते नंतर, आणि त्याच्यापुढं साक्षीपुरावे. ह्यातलं काही व्हायच्या आधीच मामेबहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. ‘केस हाय न्हवं’ म्हणाले. हे आठवलं की अजून डोकं फिरतंय माझं.

आणि आरोप ठेवायच्या दिवशी जज्जसाहेबांनी कन्नडमधून भराभर वाचलं, गुन्हा कबूल आहे का विचारलं, आणि मामांनी मान हलवली! मोठ्या माणसापुढं मान हलवायची सवयच त्यांना. वकील मधे पडले म्हणून, नाहीतर कबुलीच लिहिली गेली असती. बाहेर येऊन मामा भाकरीची पिशवी छातीशी धरून म्हणाले, ‘काय विचारालेत तेच कळलं नाही बघ.’ आरोप वाचून समजावून सांगायचा असं कायद्यातच आहे हो. शेवटी निर्दोष सुटले, पण मोडलेलं लग्न परत जुळलं नाही.

ज्यांची पोरं अशा केसमध्ये अडकलीत त्यांनी घाबरून घरात बसू नका. चार्जशीटची नक्कल फुकट मिळते, मागून घ्या. कळत नसेल तर साहेबांसमोर हात जोडून ‘मराठीत सांगा’ म्हणा, कळल्याशिवाय हो म्हणू नका. आणि डिस्चार्जचा, म्हणजे आरोप ठेवायच्या आधीच केसमधून सोडा म्हणायचा, अर्ज टाकता येतो का ते वकिलाला लगेच विचारा, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट केसला (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते अशा केसला) कागद मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे.