सून कधी येणार?

जमैकात एक उत्तर सगळ्या प्रश्नांना चालतं: "सून कम." मराठी कानाला यात सून ऐकू येते. खरा अर्थ "लवकरच येतो" असा आहे, पण त्यातल्या 'लवकर'वर कुणी घड्याळ लावू नये. आपलं "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" हे त्याच घराण्यातलं.

रेगे आणि डान्सहॉल या जमैकन संगीतप्रकारांतल्या नव्या गाण्यांची वाट पाहणाऱ्यांची अवस्था म्हणूनच मुलाचं लग्न ठरवून बसलेल्या आईसारखी असते. पत्रिका छापून झाल्या, मांडव पडला, आचारी येऊन बसला आणि सुनेचा पत्ता नाही. आणि मग एखाद्या मंगळवारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दारात एकदम चार सुना उभ्या. चौघींची साडी एकच.

साडीकडे येतोच (पाच मिनिटांत). आधी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. याला स्निपेट म्हणतात, म्हणजे येणाऱ्या गाण्याचा छोटा तुकडा. गायक स्टुडिओत मान हलवतोय, मागे कुणीतरी मोबाइल धरलाय, स्पीकरचा आवाज मोबाइलच्या माइकला न झेपल्यामुळे बास म्हणजे नुसती फरफर. पंधरा ते तीस सेकंद. खाली मजकूर म्हणून आगीची तीन चित्रं आणि आपलं "सून". ही चित्रफीत स्टोरीत टाकली असेल तर चोवीस तासांत गायब होते, म्हणून जाणकार आधी स्क्रीन रेकॉर्ड करतात, मग ऐकतात.

रेकॉर्ड करून ठेवलं तरी एक चूक सगळे करतात. ते संगीत लक्षात ठेवतात. लक्षात ठेवायचे असतात शब्द. संगीत निर्मात्याच्या मालकीचं असतं. त्याचं आणि गायकाचं मानधनावरून किंवा नावावरून फिसकटलं की गायक तेच शब्द उचलून दुसऱ्या निर्मात्याच्या संगीतावर म्हणून मोकळा होतो. तुम्ही वर्षभर पहिल्या बासलाइनची वाट पाहत बसता, आणि गाणं केव्हाच वेगळ्या कपड्यांत समोरून निघून गेलेलं असतं.

आता साडी. या संगीताचा पाया म्हणजे रिडिम. आधी फक्त वाद्यसंगीत तयार करायचं, त्याला नाव द्यायचं आणि मग दहा-पंधरा गायकांना बोलावून त्याच संगीतावर आपापलं गाणं म्हणायला लावायचं. बाहेरच्या लोकांना हे अजब वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही. आपल्या भजनांच्या पुस्तिकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल – अमुक' असं छापलेलंच असतं. एक चाल, वीस पदं, चाळीस टाळ. जमैकानं एवढंच केलं की चालीचंच बारसं केलं.

1985 साली वेन स्मिथ या गायकानं कॅसिओच्या एमटी-40 या छोट्या कीबोर्डमधला, कंपनीनंच भरून दिलेला एक ठेका किंग जॅमी या निर्मात्याकडे आणला. जॅमीनं त्याचा वेग उतरवला आणि 'स्लेंग टेंग' रिडिम जन्माला आला. त्यावर पुढे शेकडो गाणी झाली. मूळ ठेका बसवला होता ओकुदा हिरोको या कॅसिओतल्या जपानी बाईंनी. दुसरं उदाहरण तर आपल्या घरचंच वाटावं असं. 2002 च्या सुमारास स्टीव्हन मार्सडेन ऊर्फ लेंकी या निर्मात्यानं टाळ्यांच्या ठेक्यावर बांधलेल्या रिडिमचं नाव 'दिवाली'. शॉन पॉल, वेन वंडर, लुमिडी, सगळ्यांची गाणी याच टाळ्यांवर. 2003 च्या मे महिन्यात शॉन पॉलचं गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. सबंध जग दिवाळी साजरी करत होतं, आणि आपल्याकडे बहुतेकांना पत्ता नाही. 1845 पासून भारतातले करारबद्ध मजूर जहाजांनी जमैकात गेले. त्यांच्यासोबत गांजा गेला आणि 'गांजा' हा शब्दही. तेव्हा देणंघेणं जुनंच आहे. आपण काय दिलं ते चारचौघांत फार खुलवून सांगता येत नाही, इतकंच.

रिडिमची वाट पाहण्यातली खरी पंचाईत तांत्रिक आहे. स्ट्रीमिंगच्या ॲपवर तुम्ही भक्तिभावानं गायकाला फॉलो केलेलं असतं. रिडिमचा संग्रह मात्र बरेचदा 'विविध कलाकार' या नावाखाली चढतो, आणि 'विविध कलाकार' या इसमाला फॉलो करता येत नाही. सूचना येत नाही ती त्यामुळे. उपाय असा: गायकाचा नाद सोडा, निर्माता आणि त्याचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, धरा. शोधताना रिडिमचं नाव, पुढे 'रिडिम' हा शब्द आणि साल एवढंच टाका. साल विसरू नका, कारण तेच नाव वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी वापरलेलं असतं आणि नाव जपून वापरावं अशी तिथे रीत नाही. संग्रह मिळाला की आधी शेवटचं गाणं लावा. ते बहुधा नुसतं वाद्यसंगीत असतं. चाल डोक्यात बसली की मग कुणी तिचं काय केलं हे कळतं. आणि एका दमात सगळा संग्रह ऐकू नका. बारा गाणी, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे छत्तीस मिनिटं एकच बासलाइन. चौथ्या गाण्याला घरातून "बिघडलंय का ते?" असं विचारलं जातं, आठव्याला शेजारून.

यानंतर साखरपुडा, म्हणजे प्री-सेव्ह. बटण दाबायचं, ॲपला परवानगी द्यायची, म्हणजे त्या दिवशी गाणं आपोआप तुमच्या खात्यात येऊन बसतं. बसत नाही तेव्हा कारणं दोनच. एक, तारीख पुढे गेली आणि कुणी सांगितलं नाही. दोन, गायकाच्या नावाची दोन स्पेलिंगं, म्हणून दोन पानं, आणि गाणं चढलं दुसऱ्याच पानावर, जिथे तुम्ही धरून अकरा माणसं आहेत.

तारीख पक्की झाली तरी वेळ उरतेच. 10 जुलै 2015 पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं, असा संकेत आहे. हा शुक्रवार कुणाचा, इथे खरं पंचांग सुरू होतं. किंग्स्टन आपल्या साडेदहा तास मागे. गाणं 'ज्याच्या त्याच्या मध्यरात्री' यायचं असेल तर ते आपल्याकडे आधी येतं आणि जमैकात साडेदहा तासांनी. म्हणजे सातारा रस्त्यावरच्या माणसाचं ऐकून, कंटाळून झालेलं असतं, तेव्हा तिकडे लोक गुरुवारचं दुपारचं जेवण उरकत असतात. न्यूझीलंड तर आपल्याही पुढे. तिथली शुक्रवारची मध्यरात्र म्हणजे आपला गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच, आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेचार. तिथे कुणी चुलतभाऊ असेल तर रेगेच्या बाबतीत तो सख्खा समजावा.

मुहूर्त 'सगळीकडे एकाच क्षणी' असेल तर बहुधा न्यूयॉर्कची मध्यरात्र धरतात. ती आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी साडेदहाला आणि उन्हाळ्यात साडेनऊला पडते. यातला सापळा बारीक आहे. जमैका आता घड्याळं पुढेमागे करत नाही. वर्षभर एकच वेळ, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची हिवाळी वेळ, म्हणजे ईएसटी. न्यूयॉर्क मात्र मार्चमध्ये एक तास पुढे सरकतं. जुलै महिन्यात जाहिरातीवर 'दुपारी 12, ईएसटी' असं लिहिलेलं असतं, तेव्हा लिहिणारा किंग्स्टनमध्ये बसला असेल तर आपले रात्रीचे साडेदहा, ब्रुकलिनमध्ये बसला असेल तर साडेनऊ. म्हणून साडेनऊला तयार राहावं. वाया गेला तर एक तास जाईल, आणि या छंदात एक तास म्हणजे चिल्लर.

यूट्यूबवरच्या प्रीमियरची वेळ मात्र आपल्याच घड्याळाप्रमाणे दिसते. शेजारच्या चौकटीत हजारभर माणसं हिरवी, पिवळी, लाल बदामं टाकत असतात, मध्येच कुणीतरी "साउंड येत नाही" म्हणतो, आणि त्याचा स्वतःचाच आवाज बंद असतो.

हे झालं सुट्या गाण्यांचं. अल्बमची वाट पाहणं हा वेगळा आश्रम आहे, वानप्रस्थाच्या जवळचा. क्रॉनिक्स या गायकाचा 'क्रोनोलॉजी' जुलै 2017 मध्ये आला. पुढच्या अल्बमचं नाव 'डेला स्प्लॅश' असं जाहीर झालं. लोकांनी ते नाव पाठ केलं. वर्षं गेली. मधल्या काळात एक महासाथ येऊन गेली, पण 'डेला स्प्लॅश' काही आला नाही. 2025 च्या ऑक्टोबरात अल्बम आला तो 'एक्झाइल', म्हणजे वनवास. ज्या मुलीशी लग्न ठरलं ती बाजूलाच, आणि बोहल्यावर तिसरीच उभी. तीही गुणी, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

गायक बुजू बँटन डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेतल्या तुरुंगातून सुटला, मार्च 2019 मध्ये त्यानं किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम भरवलं आणि अल्बम दिला जून 2020 मध्ये. सुटकेपासून दीड वर्ष. रेगेच्या हिशेबात याला तातडी म्हणतात. डान्सहॉल गायक व्हायब्झ कार्टेलची गोष्ट उलटी. 2011 पासून तो गजाआड. 2024 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे जमैकाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, शिक्षा रद्द केली आणि 31 जुलैला तो बाहेर आला. पण मधल्या सगळ्या वर्षांत त्याची नवी गाणी नेमानं येत राहिली. आतला माणूस पुरवठा चालू ठेवतो आणि बाहेर समुद्रकिनारी मोकळा बसलेला "सून कम" म्हणतो, याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

अल्बम अखेर येतो तेव्हा सोळा गाण्यांतली सात आधीच, दोन वर्षांत सुटी सुटी, येऊन गेलेली असतात. रुखवतातली भांडी आधीच सासरी पोचून घासून पालथी घातलेली, तसं.

तबकडीवरच हवं, असा हट्ट असणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. तबकडी बनवण्याआधी लॅकर नावाच्या लेपाच्या चकतीवर सहसा गाणं कोरावं लागतं. या चकत्या बनवणारे जगात मोठे कारखाने 2020 पर्यंत दोनच होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातला 6 फेब्रुवारी 2020 रोजी जळून गेला. 6 फेब्रुवारी म्हणजे बॉब मार्लीची जयंती. आधीच वेळ न पाळणाऱ्या धंद्याला त्याच दिवशी हे आयतं कारण मिळालं आणि पुढे बराच काळ पुरलं.

तरी तबकडी आली, असं धरू. सात इंची, जमैकन. पाहिलं तर मधलं भोक 38 मिलिमीटरचं आणि आपल्या प्लेअरची खुंटी जेमतेम 7 ची. मध्ये बसवायची चकती वेगळी मागवावी लागते. ती तबकडीसोबत येत नाही. वाजवताना सूर लाटेवरच्या होडीसारखा वरखाली होत असेल तर सुईच्या दांड्याकडे पाहा. दांडा डावीउजवीकडे झुलतोय म्हणजे भोक मधोमध पडलेलं नाही. अशा वेळी मोठ्या भोकाचाच फायदा घ्यायचा: चकती काढायची, तबकडी बोटानं केसभर सरकवायची, पुन्हा पाहायचं. चार-पाच खेपांत दांडा स्थिर होतो. लेबलवर नाव चुकीचं असेल, किंवा लेबल कोरंच असेल, तर गाण्याच्या रेघा संपल्यावर जी गुळगुळीत पट्टी उरते तिच्यावर हातानं खरवडलेला क्रमांक शोधा. ओळखपत्र ते. मागच्या बाजूला 'व्हर्शन' असतं: तेच गाणं, गायक जवळजवळ गाळून. काही जण मूळ गाण्यापेक्षा त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसतात. मीही त्यांतलाच.

धीर नसलेले लोक फुटलेली प्रत मिळवतात. नवं गाणं प्रसिद्ध होण्याआधी सिलेक्टर मंडळींकडे जातं. (जमैकात गाणी लावतो तो सिलेक्टर, डीजे म्हणजे त्यावर बोलतो-गातो तो. आपल्याकडे डीजे म्हणजे गणपतीपुढची स्पीकरची भिंत. तिकडे त्या भिंतीला साउंड सिस्टिम म्हणतात.) फुटलेल्या प्रतीत गाणं असतं, पण दर वीस सेकंदांनी कुणीतरी स्वतःचं नाव ओरडतं, भोंगा वाजतो आणि ऐन ध्रुवपदावर काचा फुटल्याचा आवाज येतो. मुद्दामच. चोरी केली की लाज वाटावी म्हणून.

तर समजा, सगळं सुरळीत झालं. निर्मात्याशी भांडण मिटलं, तारीख पाळली, स्पेलिंग जुळलं, दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते गाणं किंग्स्टनमध्ये नाहीतर आपल्या गोवा सनस्प्लॅशमध्ये भिंतीएवढ्या स्पीकरवर प्रथमच लागलं. ढोल पडला, बास छातीत घुसला, गायकाची पहिली ओळ आली. लोक बेभान, भोंगे, शिट्ट्या, हात वर, कुणी समोरची फळी बडवतंय. आणि बरोबर या क्षणी सिलेक्टर काय करतो? गाणं थांबवतो. लोकांना फार आवडलं, म्हणून. याला 'पुल अप' म्हणतात आणि हा गाण्याचा सर्वोच्च सन्मान आहे. तबकडी खर्रकन मागे फिरते, सिलेक्टर माइकवर पाच मिनिटं गाण्याची थोरवी सांगतो, पुन्हा पहिल्यापासून लावतो, आणि पंधरा सेकंदांनी पुन्हा थांबवतो.

सून आली हो, दारात उभी राहिली, मापाला पाय लावला, तांदूळ सांडले, आणि सगळ्या वऱ्हाडानं एका आवाजात ओरडून तिला परत वेशीपर्यंत पाठवलं: पुन्हा ये.