ब्लिंक-१८२ हा चॅनेलने घडवलेला बँड नव्हे

कोल्हापुरात गिटार-ड्रम्स वाजवणाऱ्या महाविद्यालयीन मुलांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. ब्लिंक-१८२ हा अमेरिकी पंक-रॉक (वेगवान, साध्या रचनेचे रॉक) बँड १९९९ साली एका रेकॉर्ड कंपनीने आणि एमटीव्हीने मिळून उभा केला, त्यातली मुले लॉस एंजेलिसची होती, नावातला आकडा एका चित्रपटातून आला, आणि सबब कोल्हापूरसारख्या गावातून असे काही निघणे नाही, असा त्याचा आशय आहे.

पहिले विधान सनावळीपुढेच टिकत नाही. बँडचा गिटारवादक टॉम डीलाँग आणि बासवादक मार्क हॉपस यांची गाठ १९९२ च्या ऑगस्टमध्ये पडली, तीही हॉपसच्या बहिणीमुळे. ड्रमर स्कॉट रेनर तेव्हा शाळकरी पोर होता आणि १९९३ चे पहिले ध्वनिमुद्रण त्याच्याच झोपायच्या खोलीत झाले. पुढच्या वर्षी ‘बुद्धा’ ही कॅसेट निघाली, ती हॉपस ज्या रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करी तिथल्या वरिष्ठाने पैसे घातले म्हणून. कार्यक्रम मिळावेत यासाठी डीलाँग क्लबांना सतत फोन करी, आणि तेवढ्यावर भागेना तेव्हा आसपासच्या शाळांना फोन लावून ‘आमचा बँड मुलांना व्यसनांपासून दूर राहायला सांगतो’ अशी बतावणी करी, जेणेकरून मधल्या सुट्टीत तरी वाजवायला मिळावे. (त्यांची गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या थापेची धिटाई वेगळी सांगायला नको.) कंपनीने पोसलेल्या मुलांवर असल्या खटपटींची वेळ येत नाही.

कंपनीचा भाग अजिबात नव्हता, असे मात्र नाही. १९९४ साली ग्रीन डेचा ‘डूकी’ आणि ऑफस्प्रिंगचा ‘स्मॅश’ हे अल्बम तुफान खपले, तेव्हापासून मोठ्या कंपन्या या पंक धाटणीच्या बँडांच्या शोधात होत्या. एमसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने ब्लिंकशी करार केला तो १९९६ मध्ये, म्हणजे ‘चेशायर कॅट’ हा अल्बम एका लहान कंपनीकडून आदल्या वर्षीच बाजारात आल्यानंतर. आणि त्या करारालाही रेनर राजी नव्हता, त्याचा ओढा एपिटाफ या स्वतंत्र पंक कंपनीकडे होता. १९९७ च्या ‘ड्यूड रँच’ या अल्बममधले ‘डॅमिट’ हे गाणे रेडिओवर गाजले. १९९८ मध्ये रेनर बाहेर पडून त्याच्या जागी ड्रमर म्हणून ट्रॅव्हिस बार्कर आला, आणि त्यानंतर १९९९ चा ‘एनिमा ऑफ द स्टेट’. त्या अल्बमच्या व्हिडिओंना एमटीव्हीने उचलून धरले आणि त्याच्या जगभर दीड कोटींच्या आसपास प्रती खपल्या, हे खरेच आहे. पण शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला, म्हणून त्यांची गायकी दरबाराने घडवली असे कोल्हापुरातल्या देवल क्लब या गायनसंस्थेच्या पायरीवर उभे राहून कोणी म्हणेल काय? आश्रयाने ऐकणारे वाढतात; गाणे आधीच तयार असावे लागते.

लॉस एंजेलिसचा उल्लेख तर निव्वळ चुकीचा आहे. बँड पोवेचा, म्हणजे सॅन डिएगोच्या उत्तरेकडील एका शांत उपनगराचा. एकवीस वर्षांखालच्या मुलांना तिथे बारमध्ये प्रवेश नसतो, त्यामुळे या मुलांना गॅरेज, झोपायच्या खोल्या आणि ‘सोमा’सारखी सर्व वयांसाठी खुली असलेली सभागृहे एवढाच आधार होता. सोमामध्येही थेट मुख्य मंच मिळाला नाही. आधी ‘डंजन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या लहान जागेत वाजवून प्रेक्षक जमवावे लागले. स्केटबोर्ड, शाळा, प्रेमभंग आणि रिकामी संध्याकाळ हे त्यांच्या गाण्यांचे विषय याच वस्तीतून आले.

आकड्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. बँडचे मूळ नाव नुसते ‘ब्लिंक’ होते; त्याच नावाच्या एका आयरिश बँडने हरकत घेतल्यामुळे नाव बदलणे भाग पडले आणि १८२ हा आकडा मनाला येईल तसा जोडला गेला. चित्रपटाची कथा बँडनेच गमतीने पसरवलेल्या अनेक कथांपैकी एक आहे.

राहिला कोल्हापूरचा मुद्दा. पोवेच्या मुलांना सुरुवातीला कंपनी मिळाली नव्हती, सोमा मिळाले होते. आपल्याकडे तालीम मंडळांच्या मांडवात ऑर्केस्ट्राला जागा होते, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी स्वतः रचलेली गाणी दर आठवड्याला वाजवावीत आणि त्यांच्याच वयाच्या मुलांनी किरकोळ तिकिटात ती ऐकावीत, अशा जागेची मागणी या मजकुरात कुठेही नाही, आणि खरी उणीव तीच आहे.