भीमेचं पाणी उल्हास नदीत
उल्हास नदीवरचा लेख सोलापुरात बसून वाचला, आवडला. राजमाचीच्या डोंगरात उगम, वसईच्या खाडीत शेवट, लांबी जेमतेम १२२ किलोमीटर, सगळं नीट आलंय. पण ठोकरवाडी धरण राहिलं! ते आंद्रा नदीवर आहे. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला; म्हणजे पाणी मूळचं आमच्या पंढरपूरकडे येणारं. ते घाटाखाली भिवपुरीला नेऊन त्यावर वीज करतात आणि मग ते उल्हासमध्ये जातं. भर उन्हाळ्यात तिला धार असते ती बरीचशी त्यामुळे. मे महिन्यात चंद्रभागेच्या तापल्या वाळूत, डबक्यातून ओंजळ भरायला वाकलेली म्हातारी माळकरीण पाहिली की मला हेच आठवतं. बदलापूर-कल्याणलाही ते पाणी प्यायला लागतं, मान्य. तरी पुढच्या लेखात दोन्ही खोरी एकत्र मांडा.