टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही

परवा रात्री दिघ्याहून काकूचा फोन. "अरे आपल्या बोअरचं पाणी एकदम ओके आहे, मी टीडीएस मीटरने चेक केलं, २८० आलं." सगळ्या सोसायटी ग्रुपवर फिरतोय ना तो फॉरवर्ड, 'एमआयडीसीजवळचं बोअरचं पाणी घरीच दोन मिनिटांत तपासा, लॅबवाल्यांना पैसे देऊ नका', तो तिच्यापर्यंत पोचलाय. तिच्या चाळीमागे कंपाउंड वॉल, पलीकडे बंद पडलेली जुनी केमिकलची शेड, आणि घरात दीड वर्षाचा नातू. मी चिडणार नाही तर काय करणार?

फॉरवर्ड म्हणतो, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ३०० च्या आत असेल तर बिनधास्त प्या. अहो तो मीटर पाण्यातून वीज किती जाते एवढंच बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. बोअरमध्ये खाडीचं खारं पाणी शिरलंय का हे कळायला तो चांगला आहे, तेवढं मान्य. पण पिण्याच्या पाण्याचं आपलं सरकारी मानक, आयएस १०५००, काढून बघा. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, शिसं फक्त ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. म्हणजे शिसं मर्यादेच्या दहापट असलं तरी मीटरवर २८० चं २८१ होणार नाही! बेन्झिन, टोल्युइनसारखी सॉल्व्हंट, म्हणजे कारखान्यात इतर पदार्थ विरघळवायला वापरतात ती द्रव्यं, तर वीज वाहूनच नेत नाहीत, मीटरच्या लेखी ती नाहीतच.

सगळ्यात घातक मुद्दा पुढे आहे, 'वीस मिनिटं उकळा, केमिकल उडून जातं'. उकळल्याने जंतू मरतात, धातू नाही. लिटरभर पाणी आटून अर्धा लिटर झालं की शिसं तेवढंच राहतं आणि पाणी निम्मं, म्हणजे प्रमाण दुप्पट. काकू त्याच पाण्यात बाळाचं दूध कालवते. सॉल्व्हंट उडतात, खरंय, पण उडून जातात कुठे, त्याच दहा बाय दहाच्या खोलीत ना, जिथे पोर झोपलंय.

स्वच्छ दिसतं, वास नाही, म्हणून चांगलं? शिशाला ना रंग ना वास, विषय संपला.

'माती गाळून घेते' हे अर्धं खरं आहे, चिकणमाती काही धातू धरून ठेवते. पण आपल्याकडे खाली काळा कातळ, त्याच्या भेगांतून पाणी सरळ उतरतं, तिथे कसली गाळणी.

आणि ग्रुपवरचा तो 'गेटजवळची माती तपासली, क्लीन आली' वाला फोटो. कंपनीच्या गेटजवळ वर बाहेरून आणलेल्या मुरमाचा भराव असतो हो, खालची मूळ माती ऑगरने, म्हणजे जमिनीत फिरवायच्या गिरमिटाने, काढावी लागते, जुन्या टाकीजवळ, नाल्याकाठी, वेगवेगळ्या खोलीवर. मी दोन वर्षं सॅम्पलिंगला, म्हणजे तपासणीचे नमुने घ्यायला, जायचो. बोअरचा पंप आधी चालू ठेवून पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. धातू तपासायच्या नमुन्याच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड घालायचं, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. सॉल्व्हंटसाठी काचेची कुपी काठोकाठ भरून उलटी करायची, बुडबुडा दिसला की ती बाद, नवी घ्यायची, मग बर्फाच्या पेटीत. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेलेल्या पाण्यातून यातलं काय कळणार?

काकूला सांगितलंय, बोअर फक्त लादी आणि संडासला, पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं नाहीतर टँकरचंच, टँकर यायला उशीर झाला तरी. शनिवारी लॅबकडून बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन मी स्वतः जातोय.