मदरबोर्ड भाजून जिवंत होत नाही, आणि सॉकेट जुळलं म्हणून बोर्ड चालतोच असंही नाही

‘मदरबोर्ड गेला? दुकानदार हे कधीच सांगणार नाही’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातला सल्ला थोडक्यात असा: पीसी चालू होत नसेल तर बोर्ड गेला समजा, तो ओव्हनमध्ये २०० अंशांवर दहा मिनिटं भाजा, सोल्डर (सुटे भाग बोर्डला जोडणारा धातू) वितळून तुटलेले जोड जुळतात, तरीही नाही झालं तर त्याच सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) कुठलाही बोर्ड दीड हजारात आणा, प्रोसेसर आणि रॅम जुनीच चालते, हार्डडिस्क जोडली की विंडोज आहे तशी सुरू.

असले मेसेज मी एरवी सोडून देतो. पण हा कराडच्या वहिनींपर्यंत पोचला. त्यांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान त्या एकाच पीसीवर चालतं. त्यांनी मला विचारलं, “भावजी, केकच्या ओव्हनमध्ये चालेल ना? आणि वरचा तो गोल सेल काढायचा का तसाच ठेवायचा?” सेलबद्दल विचारायचं त्यांना तरी सुचलं. मेसेज लिहिणाऱ्या महाभागाला तेवढंही सुचलेलं नाही.

तर आधी ओव्हन. तो गोल सेल म्हणजे सीआर२०३२, लिथियमचा. ओव्हनच्या उष्णतेत तो फुटू शकतो. बोर्ड नीट होण्याचं दूरच, काचेच्या दाराआड छोटा सुतळी बॉम्ब ठेवल्यासारखं आहे हे. बरं, सेल काढला असं धरू. पुढे काय? जुलै २००६ पासून युरोपात शिशाच्या सोल्डरवर निर्बंध आले आणि संगणकाचे बोर्ड बनवणारे बहुतेक सगळे शिसंविरहित सोल्डरकडे वळले. हे सोल्डर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. म्हणजे मेसेजात सांगितलेल्या २०० अंशांवर ते वितळतच नाही! ज्या कारणासाठी भाजायचं तेच होत नाही. होतं ते बाकीचं सगळं: १०५ अंश छापलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निकामी होतात, स्लॉटचं प्लास्टिक वाकतं, फ्लक्स आणि बोर्डमधली रसायनं धुरावाटे ओव्हनच्या भिंतींवर बसतात. उद्या त्याच ओव्हनमध्ये नातवाचा केक. तापमान वाढवून २३० केलं तर आणखीच वाईट, कारण मग खालच्या बाजूचे सुटे भाग ट्रेवर गळून पडायची वेळ येते.

यात अर्धं सत्य आहे, तेही नाइलाजानं सांगतो. २००७-०८ च्या सुमाराला लॅपटॉपमधल्या एनव्हिडिया कंपनीच्या काही ग्राफिक चिप मोठ्या प्रमाणात बिघडत होत्या. जुलै २००८ मध्ये कंपनीनं त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. दोष होता चिपच्या आत, सिलिकॉनचा तुकडा खालच्या पट्टीला जोडणाऱ्या बारीक ठिपक्यांत. तापवल्यावर ते ठिपके तात्पुरते टेकायचे, चित्र यायचं, काही दिवसांनी पुन्हा जायचं. लोकांनी व्हिडिओ केले ते चित्र आल्याच्या दिवशी. डेस्कटॉपचा बोर्ड मात्र बहुधा वेगळ्याच कारणांनी जातो: वीज गेली-आली, वीज नियंत्रित करणारा मॉस्फेट शॉर्ट झाला, बायॉसची (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) चिप खराब झाली, पालीनं नाहीतर चहानं घोटाळा केला. यातलं काहीही भाजून बरं होत नाही. चिप लेव्हल रिपेअरिंगवाला हे काम करतो, पण तो मीटर घेऊन शॉर्ट शोधतो आणि तेवढाच भाग बदलतो.

आता पहिला मुद्दा. पीसी चालू होत नाही म्हणजे बोर्ड गेला, हे कुणी ठरवलं? बोर्ड हा शेवटचा संशयित. आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा: दुसरा चालू एसएमपीएस लावून पाहा, कारण हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला तरी लोडवर तो टिकेलच असं नाही. (एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, बंद असला तरी आत झटका बसेल एवढा चार्ज राहतो.) मग रॅम काढून कॉन्टॅक्ट खोडरबरानं पुसा, एकच स्टिक लावा. कॅबिनेटचं बटण खराब असणं तर इतकं नेहमीचं आहे की लोक हसतात: बटणाची वायर काढून बोर्डवरच्या त्या दोन पिनांना क्षणभर स्क्रूड्रायव्हर टेकवा. सेल बदला, पन्नासच्या आत येतो. शेवटी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, पंखा, एक रॅम लावून चालवा. कॅबिनेटला कुठेतरी टेकून शॉर्ट होणारे बोर्ड पुठ्ठ्यावर मुकाट चालतात.

वहिनींच्या मुलानं हे सगळं केलं. शेजारच्या सायबर कॅफेतला एसएमपीएस लावूनही बोर्ड गप्पच. म्हणजे या वेळी तो खरंच गेलाय. म्हणून सॉकेटचा मुद्दा नीट पाहायला हवा, कारण पैसे तिथे बुडतात.

वहिनींचा प्रोसेसर आय३-८१००, सॉकेट एलजीए ११५१. मेसेजच्या हिशेबानं एलजीए ११५१ चा कुठलाही बोर्ड चालेल. बाजारात त्या सॉकेटचे स्वस्त जुने बोर्ड म्हणजे एच११०, १०० मालिकेच्या चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप). प्रोसेसर त्यात बसतो, खटका लागतो आणि डिस्प्ले येत नाही! इंटेलनं स्वतःच सांगितलंय की आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर फक्त ३०० मालिकेच्या चिपसेटवर चालतात; १०० आणि २०० मालिका सहाव्या-सातव्या पिढीसाठी. सॉकेटचं नाव तेच ठेवून इंटेलनं पिनांची वाटणी बदलली. हा घोळ इंटेलचाच, पण भुर्दंड आपल्याला. बायॉसमध्ये फेरफार करून असे प्रोसेसर एच११० वर चालवणारे हौशी आहेत, हे खरं. दहावीच्या निकालाच्या दिवशी ज्या दुकानात रांग लागते तिथे ती हौस नको. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मेसेजातलं म्हणणं बरंच लागू पडतं, पण तिथेही जुन्या बोर्डला नव्या रायझन प्रोसेसरसाठी आधी बायॉस अपडेट लागतं. म्हणून विकत घेण्याआधी बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा, त्यात आपल्या प्रोसेसरचं नाव आणि समोरचा बायॉसचा क्रमांक पाहा. नाव नसेल तर बोर्ड फुकट मिळाला तरी नको.

दीड हजारात ‘नवा’ म्हणून जो मिळतो तो बहुतेकदा एच६१. हा चिपसेट २०११ चा, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा. त्याच्याबरोबर जुना प्रोसेसर घ्या म्हणतील. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची अधिकृत यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. वहिनींचा आय३ त्या यादीत आहे. तो टाकून मागे जायचं कशाला? त्यांच्यासाठी वापरलेला, ३०० मालिकेतला एच३१० बोर्ड हाच हिशेबाचा सौदा.

रॅमचं काय सांगायचं! डीडीआर३ आणि डीडीआर४ या तिच्या दोन जातींची खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्तीनं बसवली तर स्लॉट तुटतो.

विंडोजबद्दल मायक्रोसॉफ्टच म्हणतं की मदरबोर्ड बदलल्यावर ती अॅक्टिव्हेटेड राहीलच असं नाही. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर बरं; पीसीबरोबर आलेलं ओईएम असेल तर विक्रेत्याकडे चौकशी करावी लागते. याहून मोठी भीती बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर नव्या बोर्डवर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, ते खातं कुणाच्या नावावर केलं होतं हे आठवलं तर. सगळ्या लग्नपत्रिकांच्या फायली त्या डिस्कवर असताना हे बोर्ड आणायच्या आधी पाहायचं, नंतर नाही.

वापरलेला बोर्ड घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, आपला प्रोसेसर आणि रॅम बरोबर न्या आणि तिथेच डिस्प्ले आणून दाखवायला सांगा. इंटेलच्या या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. मोबाइलच्या टॉर्चनं तिरपं बघा, एक जरी वाकलेली दिसली तरी बोर्ड परत ठेवा. ऑफिसच्या भंगारातले डेल, एचपी, लेनोवोचे बोर्ड स्वस्त दिसतात, पण त्यांतल्या अनेकांना नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो, म्हणजे तुमचा एसएमपीएस लागायचा नाही. मागच्या जोडण्यांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी मागून घ्या, ती द्यायला सगळे विसरतात. आणि टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या, बोर्डच्या सिरीयल नंबरसकट.