‘कार्टून चॅनल लावा, निर्धास्त व्हा’ म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलांच्या चॅनलवर चिप्स-कोल्ड्रिंकच्या जाहिरातींना सरकारने बंदी घातलीय. बाकी चॅनल लॉक करा, काळजी मिटली. आणि हल्लीच्या मुलांना जाहिरात बरोबर कळते!’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढची दोन खपून जातात.

बंदी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे. पण तिची हद्द बघा: फक्त मुलांचं चॅनल किंवा मुलांचा कार्यक्रम. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही आजीच्या मालिकांवर असतो, नाहीतर क्रिकेटवर, आणि नातवंडं समोरच ताट घेऊन बसलेली असतात. मालिका मुलांसाठी नाही, त्यामुळे तिच्यामधली चिप्सची जाहिरात या बंदीत येतच नाही. केबल नियमांप्रमाणे तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, त्यातली दोन मिनिटं चॅनलच्या स्वतःच्या प्रचाराची. म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार मालिकांच्या दोन तासांत 24 मिनिटांपर्यंत.

दुधात घालायची पावडर तर स्वतःला जंक फूड म्हणवूनच घेत नाही. डबा उलटा करा. कोष्टकात ‘प्रति सर्व्हिंग’चा आकडा छोटा दिसतो, तो सोडून ‘प्रति 100 ग्रॅम’ वाचा. समजा 100 ग्रॅममागे साखर 35 ग्रॅम आणि सर्व्हिंग 20 ग्रॅमचं, तर एका कपात 7 ग्रॅम, दिवसाला दोन कपांत 14. झाले जवळपास तीन चमचे, आपण वरून घालतो ती साखर वेगळीच! अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या विभागातून काढा, असं एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानेच ई-कॉमर्स साइटना कळवलं होतं.

लॉकचं म्हणाल, तर तो चॅनलला लागतो, जाहिरातीला नाही. शिवाय तो सेट-टॉप बॉक्सचा असतो. स्मार्ट टीव्हीवरचं यूट्यूब त्याच्या कक्षेबाहेर. कंपनीचा आयता पिन बदलला नसेल तर सगळंच मुसळ केरात. त्यापेक्षा बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर मालिका रेकॉर्ड करून मुलं झोपल्यावर बघा. नाहीतर ब्रेक लागला की आवाज बंद करा. जिंगल कानावर पडली नाही की अर्धा हट्ट तिथेच ओसरतो.

‘मुलांना कळतं’ हे वयावर आहे. चार-पाच वर्षांपर्यंत कार्यक्रम संपून जाहिरात लागली हेच धड उमगत नाही, आणि ‘हे मला काहीतरी विकतायत’ हे सात-आठच्या आत फारसं कळत नाही. जाहिरात पाठ म्हणता येणं वेगळं, ती कळणं वेगळं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची शिफारस आहे दोन वर्षांखाली स्क्रीन शून्य, दोन ते पाचमध्ये जास्तीत जास्त एक तास. आजीच्या मांडीवर बसून पाहिलेली मालिका त्याच तासात धरायची.

बंदी मोडलेली दिसली तर ग्रुपवर चिडून काही होत नाही. चॅनल, कार्यक्रम, तारीख, वेळ मिनिटासकट लिहून घ्या, पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि आक्षेप नेमक्या कोणत्या वाक्यावर ते सांगा. ‘आईबाबांना घ्यायला सांग’ असं मुलाला थेट म्हणणंही सूचनांत मना आहे. तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. नुसतं ‘वाईट जाहिरात आहे’ लिहिलं, वेळ दिली नाही, तर नेमकी कोणती जाहिरात हे शोधणार कोण? प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.